भरलेली जागा

वैशाखरे, ता. मुरबाड
होळीनंतरचा रविवार, दुपार

प्रिय प्रज्वल,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे बरे आहेत. बाबा पहिल्या पाळीला गेलेत, भेंडीचा टेंपो सकाळीच वाशीला रवाना झाला आणि मी ओट्यावर बसून लिहितेय. दहावीनंतर एवढं मोठं काही लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नकोस. काल तुझा फोन आला तेव्हा मी "बघू" एवढंच म्हणाले आणि टेंपो आल्याचं सांगून फोन ठेवला. टेंपो आला नव्हता. पण फोनवर तू एकदा "आई, ऐक ना गं" म्हणालास की माझं अर्धं बोलणं पोटातच राहतं. पत्रात तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून पत्र. सावकाश वाच, आणि वाचून झालं की लगेच फोन करू नकोस. एक रात्र जाऊ दे.

तुझी खोली पत्र्याची आहे, दुपारी तापते, पाणी टँकरचं, आणि खानावळीत भात ताटाच्या कडेला चमचाभर वाढतात, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे आहे. आटपाडी मी पाहिलेली नाही. तुझ्या नेमणुकीचा कागद आला त्या दिवशी बाबांनी मोबाइलवर नकाशा काढून दाखवला, आणि मी विचारलं, एवढं पिवळं का दिसतं? तेव्हा तू हसून म्हणालास, आई, तिथे आपल्यासारखा पाऊस नाही, पण डाळिंब असं लागतं की साता समुद्रापार जातं. नवे करार झाले की त्या डाळिंबाला तपासणारा माणूस लागणार आणि तो मी. केवढा ताठ उभा होतास तेव्हा. बाबांनी कंपनीच्या गेटवर पेढे वाटले. वॉचमनला दोन दिले.

तू ट्रेनिंगला गेलास त्यानंतर इथे काय काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. भाव मिळाला नाही, मी ठाण्याला जाऊन आले, आता गाडी रुळावर आली, एवढंच मी सांगत आले. सगळं सांगितलं नाही, कारण तू नवा होतास आणि तुझ्याच खात्याच्या माणसांविषयी तुझ्याजवळ कुरकुर करायला मला बरं वाटेना. आज सगळं सांगते.

गणपती गेल्यावर मुरबाडला सभा झाली होती. मुंबईहून एक साहेब आले होते. तानशाकडून माझी भावजय तिच्या गटातल्या बायका घेऊन आली, आपल्याकडून आम्ही सगळ्याजणी. साहेब चांगलं समजावून बोलले. म्हणाले, विलायतेशी करार झालाय, युरोपशीही होतोय, तिकडची दारं आता रुंद उघडतील. पण ते लोक भेंडीवर औषधाचा अंश सापडला की अख्ख्या तालुक्याचा माल बंद करतात. म्हणून करार लागू होण्याआधी माणसं उभी करायचीत. शहापूर आणि मुरबाड मिळून एक तपासणी कक्ष, त्यात सात पदं. शेताची नोंद, फवारणीवर नजर, तोडणीआधी पाहणी आणि मग दाखला. दाखला नसेल तर परदेशी जाणारा माल जिथे बांधतात त्या वाशीच्या पॅकहाउसचं दार उघडणार नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. धाकलूआजा तेवढे उठून उभे राहिले, टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "सायेब, दार उघडंल तवा आत कोन बसंल, त्याचा नाव सांगा." साहेब म्हणाले, नावं येतील, पदं मंजूर आहेत. आजा खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "मंजूर झाला म्हंजे आला नाय."

कक्ष झाला. जुन्या गोदामाच्या एका खोलीला रंग दिला, बाहेर निळी पाटी लागली, आत सात खुर्च्या आल्या, त्यांच्यावरचा प्लास्टिकचा कागदही तसाच. आणि खरोखर एक अधिकारी आला. घाटावरचा, ओतूरकडचा मुलगा, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, आम्ही त्याला साहेबच म्हणायचो. वाईट नव्हता रे. भाताची कापणी चालू होती तरी बांधावरून फिरून त्याने आमचे प्लॉट मोजले, कुठलं औषध चालेल, कुठलं नाही ते सांगितलं. दोनदा आपल्याकडे जेवला. तुझ्याच पाटावर बसवलं मी त्याला. आईने कांदे पाठवले म्हणून पिशवीभर कांदे घेऊन आला होता. दिवाळीला गावी गेला, आणि नंतर आलाच नाही. आधी रजा म्हणाले, मग म्हणाले वाढवली. फोन लावला की घंटा वाजून बंद व्हायची. पुढे पुढे तीही वाजेना.

भेंडी मात्र दिवाळी-बिवाळी जाणत नाही. वेळेवर पेरली होती, वेळेवर फुलली. डिसेंबर सरता सरता पहिला तोडा आला. तू ओळखतोस ते दिवस. उजाडायच्या आत शेतात, हाताला खाज येऊ नये म्हणून तुझे शाळेचे जुने मोजे घालून बोटाएवढी भेंडी तोडायची. पहिला तोडा टेंपोत भरून पाठवला आणि दुपारी टेंपो तसाच परत आला. पॅकहाउसवाले म्हणाले, दाखला कुठे आहे? ड्रायव्हर म्हणाला, साहेबच नाय तर दाखला कोन देनार? ते म्हणाले, तो तुमचा प्रश्न. त्यांचंही खरंच होतं. दुसरा तोडा, तिसरा तोडा. थांबावं म्हटलं तर भेंडी थांबत नाही, आज बोटाएवढी ती परवा काठीएवढी. थोडी कल्याणला मिळेल त्या भावाने घातली. जून झालेली म्हशींपुढे टाकली. आठवडाभराने म्हशींनीही तोंड फिरवलं. शेजारच्या गोदूकाकीने एका सकाळी अख्खी पाटी बांधावर ओतली आणि तिथेच बसून राहिली. रडली नाही. मला म्हणाली, "चंदा, पीक चांगला आला म्हनून असा कधी बसली होतीस का गो?"

त्याच दिवशी ठरवलं, ठाण्याला जायचं. भावजयीला फोन केला, तिकडच्या बायकांचंही तेच रडगाणं होतं. दोन्हीकडच्या मिळून आम्ही मोठ्या कार्यालयात गेलो. बाबा म्हणाले होते, तुम्हाला कोण आत घेणार? आत घेतलं. एक मॅडम होत्या, पन्नाशीच्या, डोळ्यांखाली काळं. गोदूने त्यांच्या टेबलावर मनगटाएवढी जून भेंडी ठेवली आणि म्हणाली, "ही बघा तुमची मंजुरी." मला वाटलं आता बाहेर काढतात. मॅडमनी भेंडी हातात घेतली, मोडून बघितली, मोडेना. मग म्हणाल्या, "ताई, बसा."

त्यांनी जे सांगितलं ते मला त्या दिवशी नीट कळलं नाही, घरी येताना एसटीत कळलं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडचं अधिकाऱ्याचं पद रिकामं नाहीच. भरलेलं आहे. माणूस तिथे नाही, एवढंच. तो साहेब मुरबाडच्या जागेवर नेमलेला, पगार मुरबाडच्या जागेवरचा, पण काम तात्पुरतं पुण्याच्या कचेरीत. ते तात्पुरतं कधी संपेल ते कुणाला माहीत नाही. जागा कागदावर भरलेली असल्यामुळे तिथे दुसरा माणूस देता येत नाही. वरती विचारलं तर उत्तर येतं, तुमचं पद तर भरलेलं दिसतंय. मी विचारलं, त्याला पुण्याला का जाऊ दिलं? मॅडम म्हणाल्या, कारण लावलंय, आईचं आजारपण. मग चष्मा काढून थकल्यासारखं हसल्या. "सात पदांवर नेमलेल्यांपैकी तुमचा तो एकटाच हजर तरी झाला. बाकीचे आलेच नाहीत, त्यांचे अर्ज आधीच आले. या राज्यात एखाद्याची आई धडधाकट आहे की नाही, असा मला कधीकधी प्रश्न पडतो." आम्हीही हसलो. उठताना हसू राहिलं नाही.

येताना मी मनात म्हणत होते, खरंच आजारी असेल बिचारी, कांदे पाठवणारी बाई. आणि नसेल तर? गोदूच्याही डोक्यात तेच. वैशाखऱ्याच्या फाट्यावर उतरताना ती म्हणाली, "जाऊ या का? आजारी असंल तर विचारपूस, नसंल तर विचारना." दोन दिवसांनी आम्ही दोघी नगरच्या गाडीत बसलो आणि माळशेज चढून वर गेलो. बाबांना सांगितलं, ओळखीच्या बाई आजारी आहेत, बघून येते. खोटं नव्हतं.

ओतूरच्या अलीकडे त्यांची वाडी आहे. विचारत विचारत गेलो. घरी कुणी नव्हतं. शेजारच्या पोरीने बोट दाखवलं, त्या बघा. साहेबाची आई, कमळबाई, कांद्यात खुरपत होत्या. पदर खोचलेला, उन्हात, एका दमात वाफा संपवून दुसऱ्या वाफ्यात शिरलेल्या. गोदूने माझ्याकडे बघितलं. मी पिशवीत त्यांच्यासाठी मोसंबी नेली होती, ती पिशवी मला लपवावीशी वाटली. आम्ही मुरबाडहून आलो, तुमच्या मुलाच्या हाताखालचे शेतकरी, असं सांगितलं तेव्हा त्यांनी खुरपं टाकलं, हात पुसले आणि आधी पाणी दिलं, मग चहा टाकला. गोदू कशाला थांबतेय, तिने सरळ विचारलं, "बाय, तुमाला बरा नाय ना?"

कमळबाईंनी चहाचं पातेलं उतरवलं आणि म्हणाल्या, "मला काय धाड भरलीया? बघताय की." मग म्हणाल्या, "पर कागदावर आजारी हाय मी. सही म्याच केली." मुलगा म्हणाला होता, आई, मुरबाड लांब पडतं, घाट उतरून चढून जीव जातो. पुण्यात आलो की दर रविवारी तुझ्याजवळ. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली, घरात एकट्या, कोणती आई नाही म्हणेल? त्यांनी अंगठा नाही, चांगली सही केली, दोन ठिकाणी. "पयले दोन रविवार आला," त्या म्हणाल्या. "मग तिथल्या साहेबाचं काम निघालं. आता फोन येतो. फोन रोज येतो, खोटं कशाला बोलू." आणि मग माझा हात धरून जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. "ताई, माझ्या नावावर आजार लिवला ना, तवापासून खरंच रोज सांजेला अंगात कसकस वाटती. डाक्टर म्हनतो काय बी न्हाई."

गोदू भांडायला आली होती. ती भांडली नाही. तिने फक्त सांगितलं, भेंडीचं काय झालं ते, म्हशींचं, परत आलेल्या टेंपोचं. कमळबाई ऐकत होत्या. त्यांना वाटलं होतं, सरकारी जागा आहे, एक गेला तर दुसरा येईल, आपल्या सहीने कुणाचं काय जातंय? मी त्यांना मॅडमनी सांगितलेलं सांगितलं. जागा भरलेली आहे म्हणून दुसरा येत नाही. आम्ही निघालो तेव्हा म्हणाल्या, "मी बोलते त्याच्याशी. तुमी मोसंबी न्या माघारी, आजारी मानसाला द्या." मी तिथेच ठेवून आले.

मला फार आशा नव्हती. पण संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मुलाला म्हणाल्या होत्या, एक तर घाट उतरून तुझ्या जागेवर जा, नाहीतर ती जागा सोड. माझ्या आजारावर दोन्ही जागा धरून बसू नको, मी सही केलेला कागद माघारी घेणार. पोरगा आला नाही, प्रज्वल. मला खरं ते लिहायचंय, गोष्ट गोड करायची नाही. तो घाट उतरला नाही. पण त्याने लिहून दिलं, मुरबाडच्या जागेवरचा हक्क सोडला आणि पुण्याला मिळेल ते खालचं काम धरलं. म्हणजे आपली जागा खरोखर रिकामी झाली. मी ताबडतोब ठाण्याला मॅडमना कळवलं. पलीकडून त्या म्हणाल्या, "काय सांगता!" आणि पुढे म्हणाल्या, "रिकामी जागा मिळाली ना, आता भरते."

आणि त्यांनी भरली. निवड झालेल्यांच्या मागे ज्यांची नावं थांबली होती त्यातून रुपा आली. उंबरमाळीच्या वरच्या ठाकूरवाडीतली पोर, दापोलीला शिकलेली. घरी आईशी फोनवर त्यांच्या बोलीत बोलते तेव्हा मला निम्मं कळतं, पण आमच्याशी बोलायला लागली की खणखणीत. मुरबाडला खोली घेऊन राहिली आहे. पहिल्या दिवशी तिने काय केलं सांगू? सातही खुर्च्यांवरचं प्लास्टिक फाडून काढलं. म्हणाली, माणसं येणार आहेत, खुर्च्या तयार पाहिजेत. न आलेल्यांच्या जागी महिनाभरात कंत्राटावरचे तिघे आले, दोघं शहापूरचे, एक इथलाच. तिने पहिली पाहणी गोदूच्या प्लॉटची केली आणि पहिला नकारही गोदूलाच दिला. तिच्या घरी काकांनी औषध मारून पुरते दिवसही गेले नव्हते. गोदू चिडली. "तुला आनायला आमी घाट चढलो आनि तू आमालाच नाय म्हनतंस?" रुपा म्हणाली, "म्हणून तर नाही म्हणते, काकी. तुमचा एक खोका तिकडे अडकला तर सगळ्यांचे अडकतील." गोदू चार दिवस तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी नव्या तोड्याचा दाखला मिळाला तेव्हा तिच्यासाठी घावन घेऊन गेली. आता दर दोन दिवसांनी आपला टेंपो जातो आणि रिकामा परत येतो. रिकामा टेंपो बघून एवढं बरं वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

अजून तीन खुर्च्या मोकळ्या आहेत. त्यातली एक अधिकाऱ्याची आहे, रुपाच्या जोडीची. करार लागू होईल तेव्हा दोन्ही तालुके एकट्या मुलीला झेपणार नाहीत, हे ती स्वतः म्हणते. आम्ही पुन्हा ठाण्याला जाणार आहोत. या वेळी कोवळी भेंडी घेऊन.

तर आता त्या खुर्चीविषयी. तू काल तेच म्हणालास ना? की मुरबाडला जागा आहे, आई, आणि ती मला मिळू शकते, फक्त कारण लागतं. मग व्हॉट्सॲपवर तो कागद आला. मी शब्द न् शब्द वाचला. आईला हृदयविकार आहे, घरी बघणारं कुणी नाही, सबब आटपाडीहून मुरबाडला काम देण्यात यावं. खाली माझं नाव आणि सहीसाठी रेघ. बाबांना दाखवला. ते म्हणाले, "कर ना सही, सगळेच करतात. पोरगा घरी जेवेल." मी नाही म्हटलं तेव्हापासून ते माझ्याशी मोजकंच बोलताहेत. गोदूला सांगितलं तर ती आनंदाने नाचायची बाकी. आपलाच प्रज्वल साहेब म्हणून आला तर आणखी काय हवं? मलाही हवंच आहे रे. संध्याकाळी बाईकचा आवाज, दारात तुझ्या चपला, पातेल्यात एक माप तांदूळ जास्त. तुला वाटत असेल आईला मोह नाही. काल तुझा फोन ठेवल्यावर मी तुझी खाट झाडून घेतली.

पण मी सही करणार नाही. माझं हृदय चांगलं आहे. गुडघा दुखतो ते खरं, ते मी लपवत नाही, पण गुडघ्यासाठी तू लागत नाहीस, तेल लागतं. तू म्हणालास, तात्पुरतं काम आहे, मूळ जागा तिकडचीच राहील. हे तू चांगली गोष्ट म्हणून सांगत होतास, आणि मी इकडे ओट्यावर बसून गार पडले. तिकडची जागा भरलेली राहील, प्रज्वल. तिकडच्या एखाद्या मॅडमकडे जाऊन कुणी बाई विचारेल आणि तिला उत्तर मिळेल, पद तर भरलेलं दिसतंय. त्या डाळिंबवाल्यांच्या घरीही कुणी तुला पाटावर बसवलं असेल. तिकडच्या एखाद्या बाईने उद्या तुझ्या आईचा पत्ता विचारत विचारत वैशाखऱ्याला यावं, हातात मोसंबी घेऊन, आणि मी तिला भेंडीच्या शेतात धडधाकट सापडावं? मी तिच्या तोंडाकडे कशी बघू? तुझी तिथली वर्षं पुरी कर. मग सरळ अर्ज लिही, मला घरी जायचं आहे असं खरं कारण लिही, मिळेल तेव्हा मिळेल. बाबा उद्यापर्यंत बोलायला लागतील, मी त्यांना ओळखते. आणि हे पत्र मी नुसतं नाही म्हणायला लिहिलेलं नाही. पाडवा झाला की माझा प्लॉट गोदू बघणार आहे, तिला विचारलंय. बाबा मला कल्याणहून गाडीत बसवून देतील. आपला तांदूळ, सुकट आणि एक जाड चादर घेऊन मी येते, महिनाभर राहते, दोन्ही वेळ भात रांधते. दुपारी पत्रा तापला तर तू ज्यांच्या बागा तपासतोस त्यांच्या बांधावर जाऊन बसेन, ती डाळिंबं मलाही बघायची आहेत. आई आजारी आहे म्हणून तू इकडे येऊ नकोस. आई ठणठणीत आहे, म्हणून तीच तिकडे येते आहे.

वाट बघ, आणि स्टँडवर घ्यायला ये.

तुझीच,
आई